तांब्यावरची कल्हई आणि धुराचा हिशेब

नात्यातल्या एका लग्नासाठी मागच्या हिवाळ्यात आम्ही अम्मींची जुनी तांब्याची देग माळ्यावरून खाली काढली. आतली कल्हई पार उडाली होती, तळाला तांबे लाल दिसत होते. अशा भांड्यात दही-टोमॅटोचा मसाला घालायची सोय नाही, अन्न कळकते. पण पुनावळ्यात आज कल्हईवाला शोधायचा कुठे? काही वर्षांपूर्वी जिथे शेते होती तिथे आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या आहेत आणि घराघरांत स्टील आणि नॉनस्टिक आहे. शेवटी चिंचवडच्या एका भांड्यांच्या दुकानातून एका चाचांचा नंबर मिळाला.

चाचा आले ते आपल्या मुलाला सोबत घेऊन. सोसायटीच्या गेटबाहेर मोकळ्या जागेत त्यांनी शेगडी मांडली, निखारे फुलवले. देग घासून तापवली, आत नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला. मग कथिलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने गोल हात फिरवला. लाल देग बघता बघता चांदीसारखी झाली. सोसायटीची मुले डोळे विस्फारून पाहत होती.

आमची धाकटी नववीत आहे. तिने विचारले, "चाचा, एवढ्या पातळ थराने काय होतं? आत तर सगळं तांबंच आहे ना?"

चाचा हसले. म्हणाले, "बेटा, सालन को पूरी देग से क्या मतलब? उसको तो बस ऊपर का अस्तर लगता."

हे वाक्य आमच्या मनात राहिले. राहण्याचे आणखी एक कारण होते. देग उचलायला आलेला तो मुलगा १९ वर्षांचा. नववीनंतर त्याची शाळा सुटली आणि आता तो भोसरीकडे एका प्लेटिंगच्या कारखान्यात नटबोल्टना जस्ताचा मुलामा देण्याचे काम करतो. चाचा म्हणाले, "टीचर, कल्हईत आता काही राहिलं नाही. आणि याला शिकायचं नाही." मुलगा खाली मान घालून उभा होता. आम्ही त्याला त्याच्या कामाबद्दल विचारले तेव्हा मात्र तो खुलला. म्हणाला, "हौदात करंट जास्त दिला की मालावर बुडबुडे येतात, मग मुलामा काळा पडतो. करंट गेला बुडबुड्यात, माल वाया." आम्ही भाषेचे शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारे. त्या दिवशी आम्हाला त्याच्या बोलण्यातली खोली कळली नाही. ती कळली महिनाभराने, शाळेच्या स्टाफरूममध्ये.

आमचे एक सहकारी विज्ञान शिकवतात. दहावीच्या मुलांना ते सांगत होते की धुरातला कार्बन डायॉक्साइड वायू विजेच्या मदतीने पुन्हा उपयोगी पदार्थांत बदलता येतो, आणि त्याचे काय बनणार हे धातूचा वरचा थर ठरवतो. आम्हाला चाचांचे 'अस्तर' आठवले. पुढचे काही आठवडे आम्ही त्यांच्याकडून हा विषय शिकलो. वाचकहो, जे समजले ते घरच्या भाषेत तुमच्यापुढे ठेवत आहोत.

एका सिलिंडरचा धूर किती?

आधी वजनाचा हिशेब करू. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपेपर्यंत त्यातून किती कार्बन डायॉक्साइड हवेत जातो? सुमारे ४२ किलो. मुलांना हे आधी पटत नाही. गॅस १४ किलो आणि धूर ४२ किलो कसा? उत्तर सोपे आहे. गॅसमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन स्वतःला जोडून घेतो आणि त्या ऑक्सिजनचेही वजन धुरात येते. १२ किलो शुद्ध कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायॉक्साइड होतो. पेट्रोलचा एक लिटर जळला की सुमारे २.३ किलो. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाजवळ संध्याकाळी इंजिने चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहिली की हा आकडा आम्हाला आता रोज आठवतो.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. वाढत्या उष्म्याचे आणि लहरी पावसाचे मोठे कारण हेच.

हा वायू परत फिरवणे अवघड का, तर तो समाधानी आहे. त्याच्या कणात मधे एक कार्बन आणि दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, एकमेकांना दुहेरी बंधांनी घट्ट धरून बसलेले असतात. जळताना जी ऊर्जा द्यायची ती तो देऊन मोकळा झालेला असतो. त्याला पुन्हा कामाला लावायचे तर ऊर्जा परत द्यावी लागणार. फुकट काही नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचाच हिशेब आहे.

हौद, दोन पट्ट्या आणि वीज

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात प्लेटिंगचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे यंत्र ओळखीचे वाटेल. एक हौद, त्यात क्षाराचे पाणी, दोन धातूच्या पट्ट्या आणि एका दिशेने वाहणारी वीज. जस्ताच्या मुलाम्यात ऋण बाजूला नटबोल्ट टांगलेले असतात आणि पाण्यातले जस्त त्यांच्यावर येऊन बसते.

कार्बन डायॉक्साइड बदलण्याच्या संचात ऋण बाजूला नटबोल्टांच्या जागी एक खास धातूची पट्टी असते आणि तिच्याजवळ हा वायू सोडतात. पाणी साधारणपणे खाण्याच्या सोड्याच्या जातीच्या क्षाराचे असते. विजेचे इलेक्ट्रॉन पट्टीच्या पृष्ठभागावर येतात, वायूचा कण तिथे क्षणभर चिकटतो, एक ऑक्सिजन सोडतो आणि पाण्यातला हायड्रोजन घेतो. मग नवा पदार्थ होऊन निघून जातो. दुसऱ्या, म्हणजे धन बाजूला ऑक्सिजन बाहेर पडतो. पट्टी स्वतः खर्ची पडत नाही, फक्त घडवून आणते. अशा पदार्थाला मराठीत उत्प्रेरक म्हणतात, उर्दूत 'अमल-अंगेज', म्हणजे कृतीला चालना देणारा. रसायनशास्त्राला उर्दूत 'कीमिया' म्हणतात आणि मराठीतला 'किमया' हा शब्द त्याच घरातला. पण इथे किमया जादूची नाही, हिशेबाची आहे.

आता त्या मुलाचे बुडबुडे. हौदात पाणी आहे आणि विजेने पाण्याचाही हायड्रोजन सुटतो. जी वीज हायड्रोजनच्या बुडबुड्यांत गेली ती आपल्या कामाला आली नाही. प्लेटिंगच्या हौदात माल खराब होतो, इथे कार्बन डायॉक्साइड तसाच राहतो. शास्त्रज्ञ विचारतात, शंभर पैशांच्या विजेतले किती पैसे हव्या त्या पदार्थात गेले? या एका प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम चालू आहे, आणि भोसरीतला एक नववी शिकलेला मुलगा तो प्रश्न रोज डोळ्यांनी पाहतो.

धातूंची चार घराणी

जपानच्या चिबा विद्यापीठातले योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास एक साधे पण चिकाटीचे काम केले. तेच पाणी, तोच वायू, तशीच वीज ठेवून पट्टीचा धातू तेवढा बदलत गेले आणि काय काय तयार होते ते मोजत गेले. या कामातून धातूंची चार घराणी दिसून आली.

पहिल्या घराण्यात सोने, चांदी आणि जस्त. यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

दुसऱ्यात कथील, शिसे, इंडियम. यांच्यावर फॉर्मिक आम्ल किंवा त्याचा क्षार तयार होतो. मुंगी चावल्यावर जळजळते ते हेच आम्ल. कातडी कमावण्यात आणि रबराच्या धंद्यात त्याचा उपयोग होतो.

तिसऱ्यात लोखंड, निकेल, प्लॅटिनम. इथे बहुतेक वीज हायड्रोजनच्या बुडबुड्यांतच जाते.

चौथ्या घराण्यात एकटे तांबे. ते एकाच वेळी मिथेन, इथिलीन, इथेनॉल असे कितीतरी पदार्थ बनवते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तांब्यावर तयार होणारे तब्बल १६ पदार्थ मोजले.

कार्बन मोनॉक्साइडचे नाव वाचून घरातल्या मोठ्यांनी दचकणे साहजिक आहे. बंद खोलीतली पेटती शेगडी, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातला गॅस गिझर यांतून जीव जातात ते याच वायूने; त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात दार-खिडकी उघडी ठेवण्याची सवय सोडू नका. पण कारखान्याच्या बंद नळ्यांत हाच वायू फार कामाचा असतो. त्याच्यासोबत हायड्रोजन दिला की मिथेनॉल बनते आणि त्यातून पुढे इंधने, रंग, औषधांची कच्ची द्रव्ये बनतात.

म्हणजे तांबे हा हुशार पण उडाणटप्पू विद्यार्थी. सगळे येते, पण एका जागी लक्ष नाही. १६ पदार्थ एकत्र मिळाले तर ते वेगळे करण्यातच नफा संपतो.

दुसऱ्या धातूची सोबत

इथे मिश्रधातू कामाला येतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांना १९१२ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आम्हा शिक्षकांना लगेच समजतो. पहिलीतल्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेताना हात फार सैल धरला तर मूल भलतीकडे जाते आणि फार आवळला तर हात हलतच नाही. उत्प्रेरकाची पकडही अशीच हवी. कण चिकटला पाहिजे आणि काम झाले की सुटलाही पाहिजे. एकट्या धातूची पकड निसर्गाने ठरवून दिलेली असते, ती बदलता येत नाही. त्यात दुसरा धातू मिसळला की पकड थोडी सैल किंवा थोडी घट्ट करता येते.

आता आपल्या देगेकडे या. तांबे आणि कथील. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की तांब्यावर थोडेसे कथील बसवले की त्याचे उडाणटप्पूपण जाते. विजेचा बहुतेक सगळा भाग कार्बन मोनॉक्साइड बनवण्यात जातो, बुडबुडे फार कमी होतात. कथील हायड्रोजनची पकड सैल करते, म्हणून पाण्याला तिथे जागा मिळत नाही.

आणि थर किती, यावर सगळे अवलंबून. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तांब्याच्या सूक्ष्म कणांवर कथिलाच्या ऑक्साइडचा थर चढवला. थर ०.८ नॅनोमीटर ठेवला तर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळाला, १.८ नॅनोमीटर केला तर मुख्यतः फॉर्मिक आम्लाचा क्षार. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर असते. म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी पातळ फरकाने पदार्थच बदलला. चाचांचे म्हणणे यापेक्षा नेमके कोणी सांगू शकेल असे आम्हाला वाटत नाही.

दुसरी जोडी पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त यांची. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात २०१६ मध्ये चार भाग तांबे आणि एक भाग जस्त अशा मिश्रणावर प्रयोग झाला, तेव्हा इथिलीनच्या तुलनेत इथेनॉलचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. त्यांचे स्पष्टीकरण शेजारधर्माचे आहे. जस्त कार्बन मोनॉक्साइड बनवते पण पुढे त्याचे काही करत नाही. तो कण सरकत शेजारच्या तांब्यावर जातो आणि तांबे त्याच्यापासून इथेनॉल घडवते. लग्नाच्या दावतीत एकाने रोटी लाटायची, दुसऱ्याने भाजायची, तसे.

तिसरी जोडी तांबे आणि ॲल्युमिनियमची. कॅनडातले टोरोंटो विद्यापीठ आणि अमेरिकेतले कार्नेगी मेलन विद्यापीठ यांनी २०२० मध्ये ती पुढे आणली. तांब्याशी कोणाची जोडी जमेल हे त्यांनी आधी संगणकाकडून तपासून घेतले आणि मग प्रयोग केला. १०० पैशांतली सुमारे ८० पैशांची वीज इथिलीनमध्ये गेली. इथिलीन म्हणजे पॉलिथिनचा कच्चा माल. दुधाची पिशवी, पाण्याची टाकी, नळाचा पाइप सगळे त्यातूनच येते. आज ते खनिज तेल आणि वायूपासून बनते.

तांबे, कथील, जस्त, ॲल्युमिनियम. यात आपल्याला परके काय आहे? भंगाराच्या दुकानात बसणारा आपला एखादा भाऊ हे चारही धातू हातात घेऊन वजनावरून आणि रंगावरून सांगतो.

विजेचे बिल

आता फुकट काही नाही, या वाक्याचा हिशेब. एक किलो कार्बन डायॉक्साइडचे कार्बन मोनॉक्साइड करायला निसर्गाच्या नियमाने कमीत कमी १.६ युनिट वीज लागते. प्रत्यक्ष संचात ती साडेतीन युनिटांच्या आसपास जाते, कारण काही वीज उष्णतेत जाते आणि पाण्याचा ऑक्सिजन सोडवण्याच्या बाजूलाही जादा जोर लागतो.

आपल्या एका सिलिंडरचा ४२ किलो धूर घ्या. तो नुसता मोनॉक्साइडपर्यंत परत आणायला सुमारे १५० युनिट वीज हवी. कित्येक घरांचे महिन्याचे बिल एवढे असते. आणि एवढे करूनही स्वयंपाकाचा गॅस परत मिळालेला नसतो, फक्त पहिली पायरी चढलेली असते.

ती वीज कुठून येणार? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशात एक युनिट वीज बनताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. साडेतीन युनिट म्हणजे सुमारे अडीच किलो. म्हणजे आजच्या विजेवर हा संच चालवला तर एक किलो धूर परत फिरवण्यासाठी अडीच किलो नवा धूर करायचा. हा सौदा कोणी शहाणा माणूस करणार नाही.

म्हणून हा संच ऊन आणि वाऱ्याच्या विजेवरच चालवण्यात अर्थ आहे. त्यातही आधी त्या विजेने कोळशाची वीज बंद करावी. तेच साडेतीन युनिट थेट कोळशाच्या जागी वापरले तर जास्त धूर वाचतो. कोणी उद्या येऊन म्हणाला की 'हवेतून पेट्रोल काढतो, पैसे गुंतवा', तर त्याला एकच प्रश्न विचारा: वीज किती युनिट आणि कुठून? मुलांनाही हा प्रश्न विचारायला शिकवा. कार्बन मोजण्याच्या नावाने पुढच्या काळात बरेच दावे कानावर येतील. गणित येणारे मूल फसणार नाही.

मग हे सगळे कशासाठी?

मग हे संशोधन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. जगाला इंधन नको झाले तरी कार्बन लागतच राहणार. औषधे, रंग, प्लास्टिक, चिकटद्रव्ये यांत कार्बन आहे. तो जमिनीतून उपसण्याऐवजी धुरातून घेता आला तर पुढच्या पिढीवर उपकार होतील. सिमेंटच्या भट्टीसारखे काही धंदे असे आहेत, की चुनखडी भाजतानाच हा वायू सुटतो. वीज कितीही स्वच्छ असली तरी तिथला वायू थांबत नाही.

आणि महाराष्ट्रात एक खास संधी आहे, ती आमच्या दाराशीच आहे. पुनावळ्याच्या जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे; हंगामात उसाने भरलेल्या गाड्या आम्ही पाहतो. इथेनॉलचे प्रकल्प उभारून देणाऱ्या प्राज इंडस्ट्रीजचे मुख्यालय हिंजवडीत आहे. उसाच्या मळीपासून इथेनॉल करताना यीस्ट साखर आंबवते, तेव्हा एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायॉक्साइड सुटतो. कोळशाच्या धुरात हा वायू राख, गंधक, नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो आणि तो वेगळा करण्यातच मोठा खर्च होतो. आंबवणीच्या टाकीतून मात्र तो जवळजवळ शुद्ध निघतो. शिवाय तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. विजेवर चालणाऱ्या अशा संचांना यापेक्षा सोयीचा कच्चा माल शोधून सापडणार नाही.

देशात कामही सुरू आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडून वापरण्यासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे ठरवली. एक मुंबईच्या आयआयटीत, दुसरे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीज केंद्रात एनटीपीसीने चिमणीतला वायू पकडून दिवसाला १० टन मिथेनॉल बनवण्याचा प्रकल्प उभारला. तिथली पद्धत वेगळी आहे. आधी विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि मग तापवलेल्या उत्प्रेरकावर दोघांची गाठ घालायची. गंमत म्हणजे १९६० च्या दशकापासून जगभर मिथेनॉलच्या कारखान्यांत जो उत्प्रेरक वापरतात, त्यात मुख्य जोडी तांबे आणि जस्ताचीच असते.

पुण्यात पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे मिथेनॉलपासून डायमिथाइल इथर नावाचा वायू दिवसाला २० ते २४ किलो बनवणारा छोटा संच उभारला गेला. हा वायू स्वयंपाकाच्या गॅसमध्ये काही प्रमाणात मिसळून जाळता येतो. त्यासाठी बनवलेला 'अदिती ऊर्जा संच' २०२० मध्ये लोकांसमोर आला. धुरापासून मिथेनॉल, मिथेनॉलपासून चुलीचा वायू, ही साखळी सगळ्या कड्या जुळल्या तर पुण्यातच पूर्ण होऊ शकते. विजेची कडी मात्र स्वच्छ हवी.

कल्हई उडते तेव्हा

एक अडचण राहिली, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी. कल्हई कायम टिकत नाही. पळी घासते, आंबट शिजते, दोन-चार वर्षांत तांबे पुन्हा डोके वर काढते. मिश्रधातूंच्या पट्ट्यांचेही तसेच होते. वीज वाहताना तांब्याचा पृष्ठभाग स्वतःला पुन्हा पुन्हा घडवतो. जस्त विरघळू लागते, कथील जागा सोडते आणि गिझरमध्ये क्षार साचतात तसे पट्टीच्या बारीक छिद्रांत क्षाराचे खडे साचतात. प्रयोगशाळेत काही चौरस सेंटिमीटरची पट्टी शेकडो तास चालली तरी मोठी बातमी होते. कारखान्याला ती हजारो तास, वर्षानुवर्षे चालायला हवी.

हे काम फक्त मोठ्या डिग्रीच्या माणसांचे नाही. पातळ थर सारखा कसा चढवायचा, हौदाचे पाणी कधी बदलायचे, बुडबुडे का वाढले, पट्टी काळी का पडली, हे रोज पाहणारे हात आणि डोळे यात लागणार आहेत. हायड्रोजन असो, बॅटरी असो की हा धुराचा संच, सगळीकडे हौद, पट्टी आणि वीज आहे.

म्हणून आम्ही चाचांना पुन्हा फोन केला. मुलाला घेऊन घरी बोलावले. चहा घेताना त्याला सांगितले की तू बुडबुड्यांबद्दल बोललास त्यावर जगभर संशोधन चालू आहे. त्याला आधी वाटले आम्ही चेष्टा करतो. मग धाकटीने वहीत होरी यांची चार घराणी काढून दाखवली. कथिलाच्या ओळीवर त्याचे बोट थांबले. म्हणाला, "अब्बा की कलई?" आम्ही म्हटले, तीच.

चाचांची अडचण खरी होती. मुलगा महिन्याला पगार आणतो, शाळेत बसला तर घर कसे चालणार? त्यावर मार्ग निघाला तो १७ नंबरच्या फॉर्मचा. बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची, काम सुटत नाही. पुढे आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर आणि अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट असे अभ्यासक्रम आहेत. दहावी झाली की ही दारे उघडतात. गणिताची धास्ती त्याला आहे. पण शंभर पैशांतले किती पैसे बुडबुड्यांत गेले, हे गणित तो रोजच करतो. फक्त कागदावर मांडत नव्हता.

फॉर्म भरला आहे. रविवारी दुपारी तो आमच्याकडे येतो, धाकटी त्याला अपूर्णांक शिकवते आणि तो तिला जस्ताचा हौद कसा असतो ते सांगतो. मागच्या रविवारी दोघांनी डबीत खाण्याच्या सोड्याचे पाणी, दोन पेन्सिलींची शिसे आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन बुडबुडे काढले. दोन्ही शिसांवर बुडबुडे आले, एकीवर जास्त, दुसरीवर कमी. का, ते अजून त्यांचे ठरले नाही. पुढच्या रविवारी विज्ञानाच्या सरांना बोलवायचे आहे.

तुमच्या घरातही माळ्यावर एखादी कल्हई उडालेली देग असेल आणि ओळखीत एखादा शाळा सुटलेला मुलगा असेल. देगेला कल्हई करून घ्या. आणि मुलाला तो कामावर रोज काय पाहतो, ते एकदा विचारा.